'जी' आणि 'हौ'

माझी पणती सध्या कोरियन शिकते आहे. परभणीतल्या घरात बसून, फोनवर. तिथल्या मालिका बघून तिला वेड लागलं आहे, आणि आता त्या भाषेत निदान उत्तरं तरी देता यावीत म्हणून तिची धडपड चालली आहे. मोठ्यानं काही विचारलं तर 'ने' म्हणायचं, बरोबरीच्यानं विचारलं तर 'उंग'. दोन्हींचा अर्थ 'हो'च. पण मोठ्याला 'उंग' म्हटलं तर उद्धटपणा, आणि जिवाच्या मैत्रिणीला 'ने' म्हटलं तर ती समजणार, काहीतरी बिनसलं आहे. हे तिनंच मला समजावून सांगितलं. परवा मी तिला पाण्याचा तांब्या मागितला, तर मान तुकवून म्हणाली, "ने." मी म्हटलं, "मला ते म्हणू नको. दुसरं म्हण." तिला हसू आलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला ते चालत नाही, असं तिचं म्हणणं. मी हट्ट सोडला नाही. शेवटी "उंग" म्हणून तांब्या आदळून गेली, आणि मला बरं वाटलं.

याचं कारण माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. ते सांगायचं तर माझ्या नावावर चालणारी एक गोष्ट आधी दुरुस्त करावी लागेल.

आमच्या गावच्या शाळेत मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन झालं की कोणीतरी भाषणाला उभं राहतं आणि माझ्याकडं हात करून सांगतं, की या म्हाताऱ्यानं पोरवयात निजामाच्या पेशकाराच्या दावणीचा बैल भरल्या मांडवातून सोडून आणला. पोरं टाळ्या वाजवतात. मला शाल मिळते. अशा शालींची चळत माझ्या कपाटात आहे, आणि त्यातली एकही मी अंगावर घेतलेली नाही. बैल सोडून आणला हे खरं आहे. पण देशाच्या स्वातंत्र्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ते निव्वळ सूड उगवणं होतं. आणि ती अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी माझ्या वडिलांची आहे. ती त्या भाषणात कधीच येत नाही. मीही कधी उठून सांगितली नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. मानवतच्या अलीकडं आमचं गाव, पोटापुरती जमीन, जनावरं चार. गावात बोलणं मराठी. मुसलमानांची घरं होती, तीही मराठीच बोलत. कचेरी मात्र उर्दूत चालायची. त्यामुळं कचेरी आणि गाव यांच्या मध्ये एक माणूस लागायचा, आणि आमच्याकडं तो पेशकार होता. पेशकार म्हणजे तहसीलदाराचा कारकून. अर्ज वाचून दाखवायचा, रयतेचं म्हणणं साहेबाला आणि साहेबाचं रयतेला सांगायचा. हा आमच्याच गावचा, आमच्याच भावकीतला. आबांबरोबर ओढ्यात पोहलेला. आबा त्याला 'गड्या' म्हणत आणि तोही आबांना 'गड्या'च म्हणे.

एकदा तहसीलदार दौऱ्यावर यायचे होते. आदल्या दिवशी पेशकार आमच्या अंगणात बाजेवर येऊन बसला आणि त्यानं आबांना उत्तरं शिकवली. साहेब काही बोलले की 'जी' म्हणायचं. हाक मारली तर 'हाजिर'. कसा काय आहेस विचारलं तर 'दुआ है आपकी'. 'हौ' चुकूनही तोंडातून काढायचं नाही. 'हौ' म्हणजे आपसातलं, गल्लीतलं. साहेबाला 'हौ' म्हणणारा माणूस दिवसभर उन्हात उभा राहतो.

"अन् साहेबानं तुझ्या कोण्या वस्तूची तारीफ केली," तो म्हणाला, "तर म्हणायचं, 'आप ही का है'."

"म्हंजी?"

"म्हंजी तुमचंच हाय, घ्या. तसं म्हणायची रीत हाय."

"अन् न्हेलं तर?"

"येडा हायेस का गड्या," पेशकार हसला. "रीत ती रीत. कोणी न्हेत नसतंय."

आबांनी ते सगळं धडा म्हणावा तसं पाठ केलं. संध्याकाळी म्हशीची धार काढताना ते म्हशीला 'जी, जी हुजूर' म्हणत होते. आई चुलीपाशी हसून लोळायची बाकी राहिली. म्हणाली, "म्हशीला जी म्हणायलेत. मला कधी म्हणले न्हाईत." आबा म्हणाले, "तुला जी म्हणायला तू काय परकी हायेस का?"

आमच्याकडं त्या वेळी एक गोऱ्हा होता. लाल कंधारी, तांबडाभडक. आई मेलेलं वासरू आबांनी फडक्यानं दूध पाजून वाढवलं होतं. ते आबांच्या मागं मागं फिरायचं. अजून जुवाला धरला नव्हता, पण येणारा-जाणारा थांबून बघायचा.

तहसीलदार आले. बारीक चणीचा, खोकणारा माणूस होता. घोड्यावरून उतरला आणि सरळ गोऱ्ह्यापाशी गेला. म्हणाला, "क्या खूब जानवर है." आबांनी पेशकाराकडं बघितलं. पेशकारानं मान हलवली. आबा म्हणाले, "आप ही का है, हुजूर." चांगलं म्हणाले. शिकवल्यापेक्षा चांगलं. साहेबानं छातीवर हात ठेवला, हसला, गोऱ्ह्याच्या कपाळावर हात फिरवला आणि एक वाक्य बोलला. मग खोकत खोकत चावडीकडं निघाला. मी आबांच्या धोतराला धरून उभा होतो. मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही, पण चाल आवडली. त्या वयात मला कशाचीही चाल लागायची. पुढं कितीतरी दिवस मी ते वाक्य अंगणात, ओढ्यावर, गाण्यासारखं म्हणत हिंडायचो.

पेशकार मागं रेंगाळला. आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, साहेबानं कबूल केलं. मुक्कामावर पाठवून दे.

दुपारी पेशकाराचा माणूस आला. आमच्याकडं जनावर दिलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, आणि देणाऱ्यानं आपलं काढून खुंटीला लावायचं. दावं घरात राहिलं की त्या दाव्याला पुन्हा जनावर येतं, असा समज. आबांनी गोऱ्ह्याच्या गळ्यातलं दावं स्वतः सोडलं. गोऱ्हा वेशीपर्यंत वळून वळून बघत गेला. आबांनी ते दावं गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि पुढं कितीतरी वर्षं त्याला दुसरं जनावर बांधलं नाही.

पुढच्या पोळ्याच्या आत आमचा तो तांबडा गोऱ्हा गावात परत आला. पेशकाराच्या दावणीला. साहेबाची बदली झाली, जाताना त्यानं सेवेबद्दल खूश होऊन बैल आपल्याला दिला, असं पेशकारानं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. आता त्याची छान जोडी झाली होती. पोळ्याला पेशकाराची जोडी मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. आणि दर पोळ्याला तांबडा आमच्या दारापाशी आला की थांबायचा. आत यायला बघायचा. पेशकाराचा गडी कासरा ओढायचा, मागून टोचायचा, लोक हसायचे. आबा दारात पुरणपोळी घेऊन उभे असायचे. ते तांबड्याला घास भरवायचे आणि पेशकाराला म्हणायचे, "न्या आता." मला वाटायचं, जमीन दुभंगून पेशकार, तहसीलदार, मिरवणूक, सगळं आत जावं. पण जास्त राग तहसीलदाराचा होता. ज्या झाडाखाली त्याचा तंबू होता त्या झाडाच्या बुंध्यावर मी येता-जाता थुंकत होतो. कितीतरी वर्षं मी चुकीच्या माणसावर थुंकलो.

चौथी झाल्यावर मला मानवतला मावशीकडं ठेवलं. पुढचं शिक्षण उर्दूत. तिथं एक म्हातारे उस्ताद होते, हैदराबादेत उमेद घालवून आलेले. पुस्तकाच्या आधी त्यांनी आम्हाला उत्तर द्यायला शिकवलं. आम्ही खेड्यातली पोरं सवयीनं 'हौ' म्हणायचो. जो 'हौ' म्हणेल त्यानं बाहेर जायचं, दार वाजवायचं, परत आत येऊन 'जी' म्हणायचं. छडी नाही, शिवी नाही. माझा पहिला महिना बहुतेक उंबऱ्यावरच गेला. आपसात खुशाल 'हौ' म्हणा, 'नक्को' म्हणा, 'क्या मियाँ' म्हणा, ते म्हणत. दोस्ताला 'जी' म्हणालात तर तो म्हणेल, माझं काय चुकलं. ते स्वतः मात्र आम्हा पोरांनाही 'जी' म्हणायचे. आम्ही हाक मारली की पुस्तकातून डोळे वर करून, "जी, बेटा." आम्हाला गंमत वाटायची. आमच्या घरात बापानं पोराला 'जी' म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

एके दिवशी त्यांनी पाहुण्याचा आणि यजमानाचा धडा घेतला. आपला रुमाल मध्ये ठेवला. एक पोरगा यजमान, मी पाहुणा. मी म्हणायचं, रुमाल फार छान आहे. यजमानानं म्हणायचं, "आप ही का है." तिथवर मला पाठ होतं. मग उस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, आता पाहुण्याचं उत्तर. ते दिल्याशिवाय पाहुण्यानं जागचं हलायचं नाही. म्हणा माझ्यामागं.

"आप ही के पास सलामत रहे."

ते माझं गाणं होतं. ओढ्यावर म्हणत हिंडलो होतो तेच. तुमच्याचपाशी सुखरूप राहो. साहेबानं छातीवर हात ठेवून हे म्हटलं होतं, गोऱ्ह्याच्या कपाळावरून हात फिरवून तो परत दिला होता, आणि त्याची परत देण्याची ती रीत होती. पेशकार शेजारी उभा होता. त्याला सगळं कळत होतं.

उस्तादांनी पुन्हा म्हणायला सांगितलं. मी रुमालाकडं बघत बसलो. त्यांना वाटलं, विसरलो. मग मी विचारलं, पाहुण्यानं हे उत्तर दिलंच नाही तर? नुसतं 'हौ' म्हणाला तर? उस्तादांनी चष्मा काढला. म्हणाले, तर वस्तू त्याची. शब्द दिलेला असतो. पण बेटा, असं कोणी करत नाही. केलं तर त्याच्या घरात पुन्हा कोणी पाय ठेवत नाही.

पहिलं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्याशी मला कर्तव्य नव्हतं.

आबांना मी काही सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जाऊ दे, आणि मला जाऊ द्यायचं नव्हतं. पेशकाराला मारावं असंही मनात नव्हतं. मारलं की माणूस बिचारा होतो. मला त्याला त्याच्याच तोंडानं धरायचं होतं. त्यासाठी मी उर्दू शिकलो. लोक म्हणायचे पोरगा हुशार आहे. पुढं परभणीला गेलो, शेरवानी आणि रूमी टोपी घालायला लागलो, अदबीनं बोलणं इतकं घोटलं की कचेरीतली माणसं वळून बघायची. सुट्टीत गावी आलो की पेशकाराच्या घरी जायचो, वाकून आदाब करायचो. तो खूश व्हायचा. त्याच्या घरातल्या कशाचीही तारीफ करताना मी जीभ चावायचो. एकट्यात उपयोग नव्हता. माणसं लागणार होती, आणि ती माणसंही अशी की ज्यांच्यापुढं त्याला शब्द गिळता येणार नाही.

रझाकारांची धामधूम अजून व्हायची होती, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात पेशकाराच्या मुलीचं लग्न निघालं. सोयरे जिंतूरकडचे, तालेवार, दोघं-तिघं सरकारी नोकरीत. लग्न लागलं, पंगती उठल्या. मांडवाच्या बाहेर दमणी उभी होती. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी, देखणी गाडी. तिला तांबडा आणि त्याचा जोडीदार जुंपायचे होते. दोघांची अंगं धुतलेली, शिंगं रंगवलेली. मुलगी त्यातून सासरी जाणार होती.

मी घरून निघताना गोठ्यातल्या खुंटीचं दावं काढून शेरवानीच्या खाली कमरेला गुंडाळलं होतं.

पेशकार सोयऱ्यांत बसून उर्दू झाडत होता. त्याला मी दिसलो. आमच्या गावचा नमुना दाखवावा म्हणून त्यानं मला जवळ बोलावलं. "आइए, तशरीफ रखिए." मी एकदा नको म्हणून मग काठावर बसलो, शिकलो होतो तसा. त्यानं हाल विचारले, मी दुआ म्हटलं. त्यानं विडा पुढं केला, मी उठून सलाम करून घेतला. सोयरे माना डोलवायला लागले. पेशकाराची छाती फुगली. गावातले लोक मांडवाच्या कडेनं उभे होते. त्यांना शब्द कळत नव्हते, पण काहीतरी झकास चाललं आहे एवढं कळत होतं. आबा तिथं नव्हते. ते अक्षता टाकून घरी गेले होते.

मी तांबड्याकडं बघितलं आणि म्हणालो, "क्या खूब जानवर है आपका."

"आप ही का है," पेशकार म्हणाला. हात पसरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हौ," मी म्हणालो.

उठलो. कमरेचं दावं काढलं. पेशकाराला आधी वाटलं, मी चुकलो. तो हसत सोयऱ्यांना म्हणाला, पोरगा अजून कच्चा आहे. मी दमणीपाशी जाऊन तांबड्याच्या गळ्यात दावं बांधलं तेव्हा तो उठला. "आरं, काय करायलास? रीत असती ती बोलायची."

"रीत हाय म्हणूनच न्यायलोय," मी म्हणालो. "काकांनी दिला. सगळ्यांनी ऐकलं."

तेवढ्यात गावचा म्हातारा सुतार कडेवरून बोलला. त्याचा आवाज बारीक होता, पण मांडवात तेव्हा दुसरा आवाज नव्हता. "ऐकलं की. आप ही का है, म्हणले. त्याच्या बापानंबी असंच म्हणलं व्हतं. तेबी आमी ऐकलं व्हतं."

सोयऱ्यांतल्या एकानं विचारलं, काय प्रकरण आहे? पेशकाराला एवढंच म्हणायचं होतं, की असा शब्द खरा धरायचा नसतो. पण गाव समोर उभं होतं, आणि त्या गावात तो शब्द त्यानंच खरा धरायला लावला होता. त्याचा चेहरा मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. खोटं कशाला बोलू, मनात आलं की आणतो. गोड लागतो अजून.

मी तांबड्याला घेऊन वळलो तेव्हा नवरी दारात आली. हळदीच्या अंगाची, मुंडावळ्या तशाच. लहानपणापासून तीच तांबड्याला चारापाणी करायची, हे मला ठाऊक होतं. ती बापाकडं गेली नाही, रडलीही नाही. मला म्हणाली, "दादा, पाणी न्हाई पाजलं त्याला सकाळधरनं. पाजून न्या."

मला तेव्हा दोन भाषांतली सगळी उत्तरं येत होती. तिला मी एकही दिलं नाही. बैल ओढत निघालो.

तांबडा आमच्या दारातून स्वतः आत शिरला आणि आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. आबा बाजेवर पडले होते. उठून बसले. गळ्यातलं दावं त्यांनी आधी बघितलं, मग मला. मी सगळं सांगितलं, ऐटीत सांगितलं. 'हौ' कसा म्हणालो ते म्हणून दाखवलं. मग मोठी गोष्ट शेवटी ठेवली होती ती काढली. साहेबानं गोऱ्हा नेलाच नव्हता, आबा. साहेबानं तुम्हाला परत दिला होता.

"ठावं हाय मला," आबा म्हणाले.

गोऱ्हा गेला त्याच वर्षी मानवतच्या बाजारात त्यांनी एका अत्तरवाल्याला विचारलं होतं. मी अंगणात जे गाणं म्हणत हिंडायचो, ते ऐकून ऐकून त्यांनाही पाठ झालं होतं. अत्तरवाल्यानं अर्थ सांगितला. ते घरी आले आणि कोणाजवळ बोलले नाहीत.

मी म्हणालो, मग इतकी वर्षं गप्प का बसलात?

"म्या माझ्या तोंडानं दिला व्हता. त्यानं शेण खाल्लं, त्याचं त्यो बगंल. शब्द शिकिवलेला आसंल, पर तोंड माझंच व्हतं ना." मग त्यांनी विचारलं, "त्याची पोरगी आता कशात बसून जायाची?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसा विचारच केला नव्हता.

"पाणी पाजलंस का त्याला?"

तेही केलं नव्हतं. आबांनी तांबड्याला हौदावर नेऊन पाणी पाजलं. मानेवर हात फिरवला, जरा वेळ फिरवतच राहिले. मग पटका बांधला आणि दावं धरून बाहेर पडले. मी त्यांच्या वाटेत आडवा आलो. म्हणालो, आबा, सगळं गाव हसंल. आत्ता तर कुठं त्याची मान खाली गेली आहे. आबांनी मला नुसतं बाजूला केलं. मी मागं मागं गेलो. रस्त्यानं लोक बाहेर येऊन बघत होते.

मांडवात शोककळा होती. दमणीला एकच बैल, जू एका बाजूनं टेकलेलं. दुसऱ्याचा बैल मागायला कोणीतरी गेलं होतं. आबा सरळ पेशकारापुढं जाऊन उभे राहिले. पेशकार उठला. आबांनी तांबडा जुवाखाली उभा केला, छातीवर हात ठेवला, आणि बाजारात विचारून घेतलेलं ते वाक्य सावकाश, एकही शब्द न चुकता म्हणाले.

"आप ही के पास सलामत रहे."

सोयऱ्यांतली दोन माणसं उभी राहिली. पेशकाराच्या तोंडून 'जी' निघालं, तेही कसंबसं. आबा वळले. कोणीतरी म्हणालं, दावं राहिलं. दावं तर काढून घ्या. आबांनी ऐकलं आणि न थांबता चालत राहिले. दाव्यासकट दिला. म्हणजे आता त्या जनावराची वाट बघायची नाही.

गावात पुढं जी गोष्ट राहिली ती इथवर आलीच नाही. निजामाचं राज्य गेल्यावर लोकांना शूर गोष्टी हव्या होत्या. पेशकाराचा बैल पोरानं सोडून आणला, हे सांगायला सोपं होतं. बापानं नेऊन परत बांधला, हे त्यात बसेना. म्हणून लोकांनी ते गाळलं. ते गाळलं जाताना मी समोर खुर्चीवर बसलेलो असायचो, गळ्यात हार.

आता मी आबांना परत आणून ठेवतो. त्या दिवशी मांडवात रीत एकाच माणसानं पुरी केली. मी फक्त हिशेब चुकता केला. आणि एवढं लिहूनही सांगतो, पेशकाराला मी आजही माफ केलेलं नाही. तो समोर आला तर आजही मी 'हौ' म्हणेन.

पण माझ्या आबांचा सूड माझ्याहून मोठा निघाला.

त्या संध्याकाळी मी गोठ्यातून हाक मारली, "आबा." रोज हाक मारली की ते म्हणायचे, "काय रं." लांब असले तर, "हौ, आलो." त्या दिवशी उत्तर आलं, "जी." मला वाटलं, चेष्टा. दुसऱ्या दिवशीही 'जी'. जेवायला चला म्हटलं, 'जी'. वखर आज हाणायची का विचारलं, 'जी'. आवाजात राग नाही, टोमणा नाही. साहेबाला म्हणावं तसं. आई म्हणाली, लेकराला असं काय परक्यावाणी बोलता? आबा म्हणाले, "शिकलेला हाय. शिकलेल्याला शिकलेलं उत्तर." माझ्या बहिणीला ते 'काय गं' म्हणायचे, शेजारच्या पोराला 'काय रं' म्हणायचे, मांजरालासुद्धा 'हट रं' म्हणायचे. मला 'जी'.

मी पाया पडलो. पेशकाराच्या मुलीच्या सासरी जाऊन तिची क्षमा मागून आलो. तिनं भाकरी वाढली, 'दादा' म्हणाली. घरी येऊन आबांना ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जी."

पुढच्या वर्षी भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली. मानवतहून कोणीतरी सायकलवर बातमी आणली. गावात ढोल वाजायला लागले, लोक चावडीवरच्या पाटीला दगड मारायला धावले. मी आमच्या रानाकडं पळत सुटलो. आबा कपाशीत वाकून खुरपत होते. मी बांधावरूनच ओरडलो, "आबा, निजाम गेला."

ते उभे राहिले. कमरेवर हात ठेवून गावाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जी," म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

हळूहळू कचेरीत मराठी आली. पाट्या बदलल्या, अर्ज बदलले, पेशकाराच्या पोरांनी रूमी टोप्या ट्रंकेत टाकल्या. 'जी हुजूर' म्हणणारं तोंड गावात शोधून सापडेना. आमच्या एका घरात मात्र ती बोली आबा असेपर्यंत टिकली, आणि ती फक्त माझ्याशी बोलली जायची.